अळीव उगवलेला किल्ला

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय" म्हणता आणि टोमॅटोच्या रोपांवर घसरता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. फराळासाठी काकूंना वेगळं पत्र लिहीन. हे फक्त किल्ल्याबद्दल.

आधी एक कबुली. गेल्या वर्षीही आमच्याकडे किल्ला झाला होता. म्युनिकच्या आमच्या इमारतीत जिन्यात काही ठेवायचं नाही असा नियम आहे आणि बाल्कनी हातभर. मग मी खोक्यांचा किल्ला केला. रंग ओला असेपर्यंत मुलांना हात लावू दिला नाही आणि वाळल्यावर मोडेल म्हणून लावू दिला नाही. फोटो पुण्याला गेला, आजीला आवडला. मुलं आत कार्टून बघत होती. आईबापांनी हौस भागवून घेतली, दुसरं काय!

या वर्षी सप्टेंबरअखेरीस तुम्ही म्हणालात, "बागेत ये मुलांना घेऊन, एक वाफा मोकळा झालाय." आम्ही आलो, तर फावडं थोरलीच्या हातात आणि पहिला प्रश्नही तिलाच: "कुठला किल्ला?" तिला पाणी हवं होतं, कारण इथे तिने पाहिलेल्या गढ्यांना खंदक असतात. तुम्ही "आपल्याकडे असं नसतं" म्हटलं नाहीत. "मग थेट समुद्रच घेऊ," म्हणालात आणि मालवणजवळच्या कुरटे बेटाची गोष्ट सुरू केलीत. १६६४ साली महाराजांनी तिथे बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, समोर उभं राहिलं तरी पटकन न दिसणारा दरवाजा, आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ही नावं ऐकून धाकटा इतका हसला की चिखलात बसला. तीन दह्याच्या डब्या पुरून त्याने तिन्ही विहिरी स्वतः केल्या, आणि साखरबावेत खरंच साखर टाकली. मुंग्यांचा हल्ला इतिहासात नसावा, आमच्याकडे झाला.

तट वाकडा होत होता. मी सरळ करायला वाकले, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अगं, तू जरा थर्मासमधला चहा ओत." दुसऱ्यांदा वाकले, तेव्हा बिस्किटं काढायला सांगितलीत. तिसऱ्यांदा मी आपण होऊन लांब बसले. काका, खरे आभार त्या चहाचे आहेत.

गोणपाट कुठे मिळणार याची मला काळजी होती. तुम्ही कॉफी भाजणाऱ्या दुकानातून रिकामी पोती आणलीत. डोंगरउतारावर ती चिखलात बुडवून पसरली आणि आमच्या सिंधुदुर्गाला शेवटपर्यंत कॉफीचा वास येत राहिला. (सिंधुदुर्गाला डोंगर कुठला, असं मी पुटपुटले होते. "मुलांना डोंगर हवाय," एवढंच तुमचं उत्तर.)

आणि अळीव. लहानपणी आम्ही किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरायचो हे मी सांगितलं, तर तुम्ही खिशातून खालच्या सुपरमार्केटातलं पाकीट काढलंत. क्रेस्से! जे बी धाकटा बालवाडीत कापसावर पेरून घरी आणतो आणि ज्याची पानं इथे लोक पावाला लोणी लावून त्यावर घालतात, तेच आपलं अळीव, हे मला नऊ वर्षं कळलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात आईने लाडवांसाठी पुण्याहून किलोभर अळीव पाठवलं होतं, तेही कापडात शिवून. असो. मजा अशी की त्या दिवशी पेरायचं कसं हे धाकट्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "आई, दाबायचं नाही, नुसतं भुरभुरायचं." दिवाळीच्या बारा दिवस आधी पेरलं, थंडीमुळे उगवायला वेळ घेतला, पण वसुबारसेपर्यंत उतार हिरवा झाला.

बागेत मराठीच, हा तुमचा नियम मला आधी जाचक वाटला होता. पण तुम्ही कधी दटावलं नाहीत. जर्मनमध्ये "वासर!" अशी हाक आली की तुम्हाला ऐकूच यायचं नाही. "पाणी" म्हटलं की झारी हजर. बुरूज, तट, दिंडी, माची, हे शब्द मी घरी बसून शिकवू शकले नसते, कारण घरात त्यांचं काही कामच नसतं. धाकटा अजून बुरुजाला "बुरूस" म्हणतो. मी दुरुस्त केलेलं नाही.

शेजारच्या वाफ्यातल्या आजींनी हे हॅलोवीनसाठी का, असं विचारलं, तेव्हा थोरलीने जर्मनमध्ये जे व्याख्यान दिलं ते तुम्ही ऐकलंत. युनेस्कोने २०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातलाच हा एक, बाकीचे दहा महाराष्ट्रातले आणि जिंजी तमिळनाडूतला. वर्गात दिवाळीबद्दल विचारलं की "दिव्यांचा सण" एवढंच बोलून खाली बसणारी ही मुलगी! आजी आत गेल्या आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या घेऊन आल्या, वाऱ्यात पणत्या विझू नयेत म्हणून.

नरकचतुर्दशीला सोमवार होता. शाळा, ऑफिस, सगळं चालू. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान मात्र इथे फार सोपं, कारण ऑक्टोबरात सूर्यच साडेसातनंतर उगवतो. करिटाऐवजी तुम्ही काचघरातली शेवटची, बोटाएवढी काकडी दिलीत. "करिटाची मावसबहीण," म्हणालात. दोघांनी डाव्या पायाच्या अंगठ्याने ती फोडली, "गोविंदा" ओरडले, आणि बी न्हाणीघराच्या आरशापर्यंत उडालं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजा उरकून आम्ही बागेत आलो. फटाके इथे वर्षअखेरीलाच मिळतात, ते बरंच आहे. नाताळसाठी विकतात त्या फुलबाज्या तुम्ही जपून ठेवल्या होत्या. त्या उजेडात तुम्ही पत्र्याचा डबा उघडलात. वर्तमानपत्रात गुंडाळलेले मातीचे मावळे, तुमच्या मुलांचे, तीसेक वर्षांपूर्वी भारतातून आणलेले. काकू जरा बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. धाकट्याने त्यांच्या रांगेत आपले प्लेमोबिलचे, म्हणजे प्लास्टिकच्या खेळण्यांतले, सरदारही लावले. मी काही बोलले नाही, शिकले आहे आता.

किल्ला नोव्हेंबरच्या पावसात खचला. तिन्ही विहिरी धाकट्याने घरी आणून धुतल्या, साखरबावेत सध्या पेन्सिली आहेत. डबा आमच्याकडेच आहे. बावीस मावळ्यांपैकी एकाची तलवार मोडली, ती थोरलीने काडीपेटीच्या काडीची करून चिकटवली आहे. थोडी लांब झाली. रविवारी डबा परत करायला येतो आहोत. तुम्ही असाल ना? थोरलीने पुढच्या वर्षीसाठी खांदेरी ठरवला आहे आणि तिला वाफ्याची मापं घ्यायची आहेत.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची