काका, ते खोटं काडतूस अजून माझ्याकडे आहे

आदरणीय काका,
सा. न.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि रायफल पुसायला घेता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. शिकारीच्या पहिल्या दोन हंगामांत तुम्ही मला जे दिलंत ते नव्याने शिकणाऱ्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर मला फार बरं वाटेल.

रेंजवरची ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. माझ्या गोळ्या सारख्या खाली डावीकडे लागत होत्या आणि मी दोन महिने स्कोप, म्हणजे रायफलीवरची नेमाची दुर्बीण, फिरवत बसले होते. तुम्ही पाठमोरे होऊन मॅगझिन भरलंत आणि काही न बोलता माझ्या हातात दिलंत. दोन बार झाले. तिसऱ्याला चाप ओढला आणि नुसता ‘टक’ आवाज आला. आत नकली काडतूस होतं. बार उडालाच नाही, तरी नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं, डोळे मिटले, खांदा पुढे झेपावला. तुम्ही एवढंच म्हणालात, “बघितलंस पोरी? धक्का बसायच्या आधीच तू त्याला ढकलतेस.” स्कोपचा काही दोष नव्हता. मी धक्क्याला बिचकत होते, आणि खऱ्या बाराच्या दणक्यात ते मला कधी दिसलंच नसतं.

त्यानंतर तुम्ही मोठी रायफल कपाटात ठेवायला लावलीत आणि सहा आठवडे पॉइंट टू-टू, म्हणजे लहान काडतुसाची रायफल, दिलीत. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त. घरी मोठ्या रायफलीवर कोरडा सराव: काडतुसं दुसऱ्या खोलीत, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडून डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा खात्री, नळी जाड भिंतीकडे, आणि नळीच्या टोकाशी एक नाणं. नाणं न पडता चाप सुटला तर तो मोजायचा. रोज वीस. पॉइंट टू-टूवर मात्र नकली काडतूस घातल्याशिवाय असा सराव करू नकोस, असंही बजावलंत, कारण काहींची काडतुसावर आदळणारी पिन सरळ चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर आपटते. सातव्या आठवड्यात मोठी रायफल परत हातात घेतली तेव्हा माझा खांदा शांत होता.

काडतुसं निवडायची वेळ आली तेव्हा मी दुकानातली सगळ्यात जोरदार उचलून आणली होती. तुम्ही विचारलंत, “कशासाठी?” मला उत्तर देता आलं नाही. मग तुम्ही समजावलंत की पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी जनावरातून आरपार निघून जाते आणि ते जखमी होऊन लांबवर पळतं. सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी, आत गेल्यावर फुलते आणि काम तिथल्या तिथे संपवते. जड गोळी म्हणजे चांगली गोळी असंही नाही. १८० ग्रेन म्हणजे साधारण ११.७ ग्रॅम, आणि तुझ्या नळीला १५० ग्रेनचीच आवडत असेल तर तीच घे. तीन प्रकारांच्या प्रत्येकी तीन-तीन गोळ्या झाडायच्या, ज्यांची भोकं सगळ्यात जवळ पडतील ते काडतूस आपलं, आणि डब्यावरचा लॉट नंबर बदलला की नेम पुन्हा तपासायचा. १०० मीटरवर स्कोपची एक पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) टिचकी गोळी जेमतेम ७ मिलिमीटर सरकवते, हे कळल्यावर माझं उगाच फिरवणं थांबलं.

एक गोष्ट आठवली की आजही अंगावर काटा येतो. पहाटे निघताना मी बरोबरच्या एकाचा कोट घातला होता. तुम्ही अंधारातच त्याचे खिसे उलटे करायला लावलेत आणि माझ्या बारा बोअरच्या काडतुसांतून एक पिवळं निघालं. वीस बोअरचं. बोअरचा आकडा मोठा तेवढं काडतूस बारीक, म्हणून ते बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं, बंदूक रिकामी वाटते, मागून दुसरं भरलं की नळी फुटते. म्हणूनच वीस बोअरचं काडतूस पिवळं करायची रीत आहे. तेव्हापासून मी प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा आणि नळीवरचा आकडा वाचते, मोठ्याने.

पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे तुम्ही कधीच वापरू दिले नाहीत. तळ्याच्या गाळात पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. अमेरिकेत १९९१ पासून त्यांच्यावर बंदी आहे, युरोपीय संघाने २०२३ मध्ये पाणथळ जागांसाठी तेच केलं. त्याऐवजी वापरायच्या पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, शिशाची ११.३ पट, म्हणून छर्रे दोन नंबर मोठे घ्यायचे आणि पक्षी आणखी जवळ येऊ द्यायचा.

पण सगळ्यांत मोठं ऋण त्या कागदी थाळीचं. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेवढी जागा, तेवढी ती थाळी, साधारण २० सेंटिमीटर. बसून, काठीच्या आधाराने, थोडं धावून दम लागल्यावर पाच गोळ्या. पाचही थाळीत पडतील ते अंतर माझं, त्यापलीकडचं जनावर माझं नाही. टेबलावरून मी २०० मीटरवर थाळी भरत होते, बसून १२० वरच थांबले. तो आकडा तुम्ही माझ्या परवान्याच्या पाकिटावर लिहून ठेवलात.

त्याच हंगामात शेवटच्या उजेडात नर उभा राहिला, आडवा, अगदी हवा तसा. १८० मीटर. मी बोट चापावरून काढलं. तुम्ही शेजारी पालथे पडला होतात. काही बोलला नाहीत, नुसता माझ्या पाठीवर हात ठेवलात. त्या हाताबद्दल मी आजवर तुम्हाला काही बोलले नव्हते.

आणि त्या रात्रीचा तंबू! माझी जाड स्लीपिंग बॅग असूनही मी कुडकुडत होते, कारण अंगाखाली दबलेलं भरण ऊब धरत नाही आणि जमीन ती ओढून घेते. तुम्ही तुमची मॅट माझ्याखाली सरकवलीत आणि स्वतः पाठपिशवी अंथरून झोपलात. बॅगेवरचा ‘कम्फर्ट’चा, म्हणजे आरामात झोप लागेल त्या तापमानाचा, आकडा बघायचा, ‘लिमिट’चा नाही, खोलगट जागी तंबू ठोकायचा नाही कारण थंड हवा तिथेच साचते, तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही कारण त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, हे सगळं त्या रात्री ऐकलं. रायफल मात्र रिकामी करून बाहेरच्या आडोशालाच ठेवलीत. गार रायफल उबेत आणली की भिंगावर आणि बोल्टवर दव धरतं, आणि पहाटे स्कोपमध्ये धुकं दिसतं.

यंदा एक मुलगी माझ्याकडे शिकायला येते. तिच्याही गोळ्या खाली डावीकडे जातात. गेल्या शनिवारी मी पाठमोरी होऊन तिचं मॅगझिन भरलं आणि तुमचं ते खोटं काडतूस तिसरं घातलं.

हंगाम उघडायच्या आधी तिला घेऊन तुमच्याकडे येते. तुमची मॅटही आणते, ती परत करायची राहिली आहे.

तुमची,
शिष्या