ती. आई-बाबांस: सात देश राहू द्या, फ्यॅरलानला या

बर्गन (नॉर्वे), रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि आईला तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवतं, म्हणून लिहूनच काढते. तिकिटं काढली आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून निघून बर्गनला माझ्याकडे, दोन दिवस नुसती विश्रांती, आणि मग फ्यॅरलानला चार रात्री. अण्णाकाकांच्या ग्रुपबरोबरची सात देशांची सहल रद्द. काकांना मी कळवलं आहे. त्यांना जरा लागलं, पण काकू फोनवर हळूच म्हणाली, "बरं केलंस."

रागावण्याआधी कारणं ऐका. त्या सहलीत जवळजवळ रोज नवं हॉटेल, पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर आणि दिवसातले चार-पाच तास बसमध्ये. आईची साखर जेवणाच्या वेळेवर चालते, बसच्या वेळेवर नाही. आणि बाबा, तुम्हाला झेपणार नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण डॉक्टर गुडघ्याबद्दल जे बोलले त्यातलं तुम्ही आईला अर्धंच सांगितलंत. उरलेलं अर्धं मला दादाने सांगितलं. त्याच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं.

आता फ्यॅरलान. सोग्नेफियॉर्ड म्हणजे डोंगरांत आतपर्यंत शिरलेली समुद्राची लांब खाडी. तिला उत्तरेकडे एक अरुंद फाटा फुटतो, सुमारे २५ किमी आत जातो आणि डोंगरांत संपतो. तिथे टोकाशी हे गाव आहे. वस्ती तीनेकशे माणसांची. त्यातला मुंडाल नावाचा भाग म्हणजे पाण्याकाठचा एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची लाकडी घरं. १९९५ च्या सुमारास इथे जुन्या पुस्तकांचं गाव उभं राहिलं. जुने गोठे, कोठारं आणि फेरीबोटीची प्रतीक्षाखोली, सगळीकडे आता जुनी पुस्तकं भरलेली आहेत. रस्ता सपाट आहे, चढ नाही, आणि इकडून तिकडे हळूहळू चालत पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. बाबांच्या गुडघ्याला याहून बरी जागा मला अख्ख्या युरोपात सापडली नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, मग आपलं भिलार काय वाईट आहे? भिलार अजिबात वाईट नाही, आणि दोन्ही गावांचं मूळही एकच. वेल्सच्या सीमेवरच्या हे-ऑन-वाय गावात रिचर्ड बूथ यांनी १९६० च्या दशकात जुन्या पुस्तकांची दुकानं सुरू केली, त्यावरून जगभर अशी गावं निघाली. आपलं भिलार २०१७ सालचं. फरक असा की भिलारमध्ये घराघरांत बसून फुकट वाचायचं असतं आणि पुस्तक तिथेच ठेवून यायचं असतं. इथे विकत मिळतं. म्हणजे तुमच्यासाठी जास्त धोक्याचं. माळ्यावरच्या त्या ट्रंकांचं काय झालं ते आई विसरलेली नाही.

तर नियम आत्ताच सांगून ठेवते. साधं पुस्तक पाव किलोच्या आसपास भरतं, जाड पुठ्ठ्याचं पाऊण किलो, आणि चित्रांच्या गुळगुळीत कागदाचं दीड-दोन किलोपर्यंत जातं. तुमच्या बॅगेला २३ किलोची मर्यादा आहे. येतानाची बॅग १५ किलोच्या वर जाता कामा नये, मग परतीला जागा राहील. इथून पार्सल करायचा विचारही करू नका, पुस्तकापेक्षा टपालखर्च जास्त होतो.

बहुतेक पुस्तकं नॉर्वेजियन आहेत, इंग्रजीचं कपाट दुकानागणिक लहान-मोठं असतं. म्हणून इंग्रजी कादंबऱ्यांत वेळ घालवण्यापेक्षा भाषा न येताही कळेल ते शोधा: जुने नकाशे, पर्वतभ्रमण करणाऱ्यांच्या संस्थेची जुनी वार्षिकं, नान्सेन-आमुंडसेन यांच्या ध्रुवमोहिमांची सचित्र पुस्तकं. पूल-बोगद्यांचीही सापडतात. वर्णक्रमाने लावलेल्या फळीवर आमुंडसेन सुरुवातीलाच मिळेल, पण ज्या नावांची सुरुवात नॉर्वेजियनच्या खास तीन अक्षरांनी (Æ, Ø, Å) होते ती झेडच्याही पुढे, अगदी शेवटी असतात. तिथपर्यंत न जाताच लोक "नाही" म्हणून परततात. किंमत बहुधा आतल्या पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली असते. घेण्यापूर्वी मागची घडीची पानं उलगडून बघा, नकाशा बऱ्याचदा कोणीतरी कापून नेलेला असतो. पाठीचा पुठ्ठा शिवणीपासून सुटला असेल तर ठेवून द्या. आणि पुस्तक नाकाशी धरा. नुसता जुन्या कागदाचा वास चालेल, पण ओलसर, कुबट वास आला तर कितीही मोह झाला तरी नाही म्हणायचं. त्यातली बुरशी बॅगेत बाकीच्यांना लागते, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तर घरचं कपाटही जाईल.

रस्त्याकडेला काही फळ्या नुसत्याच उभ्या असतात, विक्रेता नाही, फक्त पैशांचा डबा. त्यासाठी दहा-वीस क्रोनरची नाणी मी तुमच्या खिशात घालून ठेवीन, कारण मोबाइलवरून पैसे भरायला इथला नंबर लागतो. दुकानांत कार्ड चालतं. उगाच घासाघीस करू नका हं बाबा. म्हणजे करा, पण एकदाच, आणि हसून.

दुकानं मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उघडी असतात, दिवसा साधारण दहा ते सहा. म्हणूनच जून निवडला. पहिल्या आठवड्यात इथल्या शाळांना सुट्टी लागलेली नसते, त्यामुळे गर्दी नाही, आणि बर्फ वितळत असल्याने कड्यांवरून धबधबे भरून वाहतात. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो आणि नंतरही पुरता काळोख होत नाही. आई, तुला उजेडात झोप येत नाही, म्हणून डोळ्यांवरच्या पट्ट्या आणून ठेवल्या आहेत. तरीही नाही आली तर लहानपणी मला थोपटायचीस तशी मी तुला थोपटेन.

आता रस्ता, कारण बाबा सगळ्यांत आधी तेच विचारतील. बर्गनहून गाडीने साडेचार-पाच तास, मीच चालवणार, दर दीड तासाला थांबणार. वोसपर्यंत छोटे बोगदे, मग गुडवांगाचा ११ किमीहून मोठा, आणि पुढे लेर्डालचा २४.५ किमीचा, २००० साली खुला झालेला, रस्त्याचा जगातला सर्वांत लांब बोगदा. आपल्या खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणता ना, "झाला पण?" तसं इथे म्हणता येणार नाही. चालकाला पेंग येऊ नये म्हणून आत तीन ठिकाणी प्रशस्त गुहा कोरल्या आहेत, निळ्या-पिवळ्या दिव्यांच्या. गाडी या बोगद्यांत घाटासारखी वळणं न घेता जाते, त्यामुळे आईला महाबळेश्वरच्या घाटासारखं लागणार नाही. तरी गोळी अर्धा तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. नंतर फोडनेस ते मानहेलर असा पंधरा मिनिटांचा फेरीबोटीचा प्रवास, गाडीसकट.

फ्यॅरलानला १९८६ पर्यंत रस्ताच नव्हता, जायचं तर बोटीनेच. त्या वर्षी हिमनदीच्या पोटाखालून उत्तरेकडचा बोगदा झाला. त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष वॉल्टर मोंडेल आले होते, कारण त्यांचे पूर्वज याच मुंडालचे, आडनावही तिथलंच. सोग्नदालकडून आपण येणार तो रस्ता त्यानंतर काही वर्षांनी झाला. बाबा, खात्यात असताना एका पुलासाठी तुम्ही किती वर्षं फायली हलवल्यात ते आठवत असेल, तर इथे तुम्हाला बोलायला बरंच सापडेल. उन्हाळ्यात बालेस्ट्रांडहून फ्यॅरलानला बोटही जाते. बसनेही पोचता येतं, पण बस हिमनदी संग्रहालयाजवळ सोडते, तिथून मुंडाल सुमारे तीन किलोमीटर. सामान घेऊन पायी निघालेले लोक तिथेच फसतात. आपली गाडी आहे, तेव्हा हा प्रश्न नाही.

ते संग्रहालय मात्र बघायचंच. १९९१ मध्ये उघडलं, वास्तुकार स्वेर्र फेन. वरच्या गच्चीवर जायला बाहेरून जिने आहेत. ते चढायचे नाहीत. खालून दिसतं तेवढं पुरे, आत बसून बघायची फिल्म आहे. शेजारच्या खोऱ्यात योस्टेदाल हिमनदीची एक जीभ, ब्योयाब्रेन, खाली उतरलेली आहे, गाडी जवळ जाते आणि कॅफेत बसून बघता येते. पुढे दगडांवरून जवळ जायचं नाही. वरून बर्फाचे तुकडे सुटतात आणि आवाज येईपर्यंत खाली आलेले असतात. फियॉर्डचं पाणी दुधट हिरवं दिसेल, ते घाण नाही. हिमनदी खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात तरंगतं.

आई, आता तुझं. स्वयंपाकघरासकट लाकडी घर घेतलंय, तळमजल्यावर झोपायची खोली. बाहेर खायला जायची सक्ती नाही. तांदूळ, डाळ, कणीक, पोहे इथे मिळतात, मी आधी भरून ठेवीन. सोग्नदालला भाजी-दूध घेऊ, कारण रविवारी दुकानं बंद असतात. तुझा ॲल्युमिनियमचा कुकर आणू नकोस, इंडक्शनवर तो तापत नाही. माझा स्टीलचा आहे. तिथे साधी विजेची शेगडी निघाली तर एक लक्षात ठेव: बटण बंद केलं तरी शेगडीची चकती बराच वेळ तापलेली राहते, दूध उतू जातं आणि हात भाजतो. तूप, पेढे, खवा काहीही बॅगेत घालू नकोस. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. बिनमिठाचं लोणी इथे छान मिळतं, त्याचं तूप तू मला कढवून दाखव. माझं अजून बेरी काळी पडेपर्यंत राहतं. नळाचं पाणी सरळ प्यायचं. आणि हो, टमरेल मी घेऊन ठेवलंय, त्याची काळजी करू नकोस.

औषधं मूळ पाकिटांतच, डब्यांत सुट्या गोळ्या नकोत. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, दोन प्रती. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानाच्या डब्यात थंडीने ते गोठून बिघडतं. जूनमध्ये इथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, तेव्हा बाबांची रात्रीची गोळी आणि तुझी मात्रा कोणत्या वेळी घ्यायची ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. फोर्डेचं मोठं रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे आणि तातडीचा क्रमांक ११३, हे मी दोघांच्याही फोनमध्ये घालून देईन. लागणार नाही. पण असू दे.

दिवसा १२ ते १८ अंशांच्या आसपास असेल, आणि पाऊस कधीही. छत्री वाऱ्यात उलटते, म्हणून टोपीवाले रेनकोट. बाबा, तो तपकिरी स्वेटर आणा, पण चपला नकोत. जुन्या कोठारांचे उंबरे उंच, जिने उभे आणि पावसात लाकूड शेवाळल्यासारखं निसरडं होतं. माळ्यावरची पुस्तकं मी खाली आणून देईन, तुम्ही खुर्चीवर बसून चाळायची. शिंका यायला लागल्या तर मास्क लावा, धुळीशी हट्ट करू नका.

तुम्हाला बघून दोन वर्षं होतील. गणपतीला जमलं नाही, दिवाळीलाही नाही, तेव्हा या चार दिवसांत मला तुम्ही दोघं हवे आहात, सात देश नकोत. अण्णाकाकांना पुढच्या वर्षी मी स्वतः तुमच्याबरोबर इकडे बोलावते, खरंच.

व्हिसाचं काम पुढे ढकलू नका. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं विमा संरक्षण लागतं, त्याचं कागदपत्र मी पाठवते. बोटांचे ठसे द्यायला दोघांना जावं लागेल, तेव्हा आई, त्या सकाळी हाताला मेंदी नको. दादाला गाडी काढायला सांगितलंय.

बाबा, पासपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स करून दादाकडे द्या, या आठवड्यातच.

तुमची लाडकी,
मनी

ता. क. आई, लोणचं चालतं, पण तेल गळतं. दोन पिशव्यांत, वर चिकटपट्टी, आणि पुस्तकांच्या बॅगेत मुळीच नाही.