गेटवर काढून घेतलेली बॅग पाच दिवस उशिरा मिळाल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: विमानतळ व्यवस्थापन)

विषय: बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून भरपाई मिळण्याबाबत

महोदय,

१२ जानेवारीच्या रात्री मी, माझे पती आणि माझे ७६ वर्षांचे वडील तुमच्या विमानाने समुद्रकिनाऱ्यावरच्या या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरलो. वडिलांची बॅग आमच्या हाती आली १७ तारखेच्या संध्याकाळी. १८च्या पहाटे आमचे परतीचे विमान होते. भरपाईचा माझा अर्ज तुम्ही दोन कारणे देऊन फेटाळला. ती दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.

वैद्यकीय गरजेची वस्तू केबिन बॅगेत ठेवायला हवी होती, असे तुम्ही लिहिले आहे. ती केबिन बॅगेतच होती. बाबांना लहानपणी पोलिओ झाला, त्यांचा डावा पाय आखूड आहे. मापाने बनवून घेतलेला जाड तळव्याचा बूट घातल्याशिवाय त्यांना चार पावलेही धड टाकता येत नाहीत. विमानात पाय सुजतात म्हणून ते सपाता घालून व्हीलचेअरवर होते आणि बूट हातातल्या छोट्या बॅगेत होते. बोर्डिंग गेटवर तुमच्या कर्मचाऱ्याने वरचे कप्पे भरले आहेत असे सांगून ती बॅग मागितली. आत बाबांचे बूट आहेत हे मी दोनदा सांगितले. "उतरल्यावर लगेच मिळेल," असे म्हणून त्याने टॅग लावला.

त्या किनाऱ्यावर हॉटेले वाढली तशी विमानेही वाढली आहेत. त्या रात्री तासाभरात चार विमाने उतरली होती. सामानाचे पट्टे दोनच, आणि न मिळालेल्या सामानाच्या काउंटरवर एकटी मुलगी. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तिला पाणी प्यायलाही उठता येत नव्हते. तक्रारीची नोंद होऊन कागद हातात पडेपर्यंत पावणेदोन वाजले. बाबा तोवर व्हीलचेअरवरच झोपले होते.

हॉटेलच्या व्हरांड्यापासून पाणी जेमतेम दीडशे पावलांवर होते. ओल्या वाळूपर्यंत चालत जायचे आणि तिथे खुर्ची टाकून बसायचे, एवढेच बाबांच्या मनात होते. दुसऱ्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पायऱ्या उतरले. तिसऱ्या पावलाला सपात वाळूत रुतली आणि तोल गेला. पतींनी सावरले म्हणून निभावले. उचलून नेतो म्हटले तर नको म्हणाले. पुढचे सगळे दिवस त्यांनी व्हरांड्यातच काढले.

१४, १५ आणि १६ तारखेला मी फोन केले. तिन्ही वेळा "शोध सुरू आहे" एवढेच उत्तर मिळाले. बॅग आली तेव्हा तिच्या मुठीला दोन टॅग होते: एक गेटवरचा आणि दुसरा मागे राहिलेल्या सामानाला लावतात तो 'रश' टॅग. त्यावरच्या विमानाची तारीख होती १३ जानेवारी. त्या तारखेप्रमाणे बॅग दुसऱ्याच दिवशी त्या विमानतळावर पोहोचली असणार. मग चार दिवस ती कुठे पडून होती? प्रवाशाकडून बॅग घेताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी सोपवताना आणि परत देताना, अशा चार टप्प्यांवर तिची नोंद ठेवण्याचा आयाटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) ठराव ७५३ जून २०१८ पासून लागू आहे. या बॅगेची प्रत्येक नोंद वेळेसह मला द्यावी.

तुमचे दुसरे कारण, तक्रार सात दिवसांत आली नाही. सात दिवसांची मुदत सामानाची मोडतोड झाली असेल तर असते. आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९च्या माँट्रियल कराराच्या कलम ३१ प्रमाणे उशिरा मिळालेल्या सामानासाठी ते ताब्यात आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करता येते. बॅग १७ला मिळाली, मी २६ला लिहिले. तुमच्याच तिकिटाच्या अटींत या कराराचा उल्लेख आहे. उशिराच्या भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ स्पेशल ड्रॉइंग राइट्स (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे. माझी मागणी तिच्या जवळपासही जात नाही: भाड्याची व्हीलचेअर, विमानतळावर घातलेल्या दोन खेपांचे टॅक्सीभाडे, आणि बाबांसाठी घ्यावे लागलेले कपडे. पावत्या, दोन्ही टॅगचे फोटो आणि त्या रात्रीच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे.

आणखी एक, आणि माझ्या दृष्टीने हे पैशापेक्षा महत्त्वाचे आहे. गेटवर कुणाचीही बॅग घेण्याआधी आत औषधे, चष्मा, श्रवणयंत्र किंवा चालण्यासाठी लागणारी वस्तू आहे का, हे तुमच्या माणसांनी विचारलेच पाहिजे, आणि असेल तर ती वस्तू काढून घेण्यासाठी दोन मिनिटे दिली पाहिजेत. आम्हाला ती दोन मिनिटे मिळाली असती तर बूट बाबांच्या मांडीवर राहिले असते. तशी लेखी सूचना तुम्ही गेटवरच्या कर्मचाऱ्यांना देणार का, हे कळवावे.

उत्तर लेखी द्यावे, आणि तोवर तक्रार बंद करू नये.

आपली,
(सही)