काळजी करणे आणि काळजी घेणे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक ताणाविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका लेखात, देवावरचा भरवसा म्हणजे अडचणीकडे पाठ फिरवण्याची सोय, अशा आशयाचे एक वाक्य होते. लेखकाचा रोख कोणत्याही एका धर्मावर नव्हता, हे मान्य आहे. परंतु मी ख्रिस्ती आहे, पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, वाचन माझ्या रोजच्या सवयीचे आहे, आणि त्या वाक्यात मला माझा अनुभव कोठेच दिसला नाही, म्हणून हे पत्र.

मराठीत आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. शब्द एकच, पण काळजी करणारा अंथरुणात कूस बदलत पडलेला असतो, आणि काळजी घेणारा उठून आजाऱ्याला वेळेवर औषध देतो. येशूचा शिष्य पेत्र याच्या बायबलमधील पहिल्या पत्रातील पाचव्या अध्यायाच्या सातव्या वचनात ‘सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो’ असे जे म्हटले आहे, ते मराठीत वाचताना हा फरक नेमका समोर येतो. टाकायची आहे ती करण्याची काळजी. घेण्याची काळजी आपल्याकडून कोणी काढून घेतलेली नाही.

हा केवळ मराठीतला शब्दखेळ आहे, असे कोणी म्हणेल. पण आद्य ख्रिस्ती प्रचारक पौल याने फिलिप्पै येथील मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेले पत्र पाहावे. ते लिहिताना तो कैदेत होता आणि निकाल सुटकेचा लागेल की मरणाचा, याची त्याला खात्री नव्हती. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे सांगतो, आणि दुसऱ्या अध्यायात मात्र आपला सहकारी तीमथ्य तुमची मनापासून काळजी वाहील, असे त्याचे कौतुक करतो. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर सर्व मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज ग्रासते, अशी कबुली तो स्वतःच देतो. तेव्हा माणसाने निर्विकार व्हावे, असे त्याचे म्हणणे नसावे. चिंता करू नका म्हटल्यावर लगेच पुढे तो काय करायचे तेही सांगतो: प्रार्थना करा, विनंती करा, आभार माना आणि आपले मागणे देवाला कळवा.

यातला ‘कळवा’ हा शब्द मला बरीच वर्षे कळला नव्हता. सर्वज्ञ देवाला आपण काय कळवणार? गेल्या वर्षी यजमानांच्या तपासणीच्या अहवालासाठी आम्हाला पाच दिवस थांबावे लागले. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास मी दिवा लावला, दिनदर्शिकेचे जुने पान फाडले आणि मनात जे घोंघावत होते ते त्याच्या पाठीमागे लिहायला बसले, तेही देवाला उद्देशून, कारण नुसते लिहिले असते तर ते पुन्हा माझ्याच भोवती फिरले असते. डोक्यात शंभर प्रश्न असल्यासारखे वाटत होते. कागदावर उतरले तीन. त्यांतला एक सकाळी डॉक्टरांना विचारायचा होता. दुसऱ्याचे उत्तर आमच्याच कपाटातल्या विम्याच्या कागदांत होते. तिसरा तेवढा खरोखर देवाचा होता.

चिंतेची वाक्ये बहुधा अर्धवट असतात. ‘समजा असे झाले तर’ येथे ती सुरू होतात आणि तेथेच घुटमळतात. कोणाशी तरी बोलायचे म्हटले, की वाक्य पुरे करावे लागते. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र याचा उत्तम नमुना आहे. जेमतेम सहा वचने; त्यांत ‘कोठवर’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आपल्याच मनाशी किती काळ मसलत करत राहू, ही तक्रार येते, आणि परिस्थिती बदलल्याचा एकही पुरावा नसताना शेवटी देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याचा उच्चार येतो.

चिंतेच्या वचनापाठोपाठ पौल म्हणतो, की देवाची शांती तुमची अंतःकरणे व विचार राखील. मूळ शब्द पहारेकऱ्याच्या कामाचा आहे, आणि लिहिणाऱ्यावर तेव्हा पहारा होताच. त्यानंतरच्या वचनात कशाचे मनन करावे याची जी यादी आहे, तिच्यात पहिला मान सत्याला आहे. त्या रात्री मला ठाऊक असलेले सत्य एवढेच होते, की अहवाल अजून आलेला नाही. बाकीचे सगळे मी रचले होते.

एक तक्रार मात्र आमच्याच लोकांविषयी आहे. चिंतेने पोखरलेल्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सुनावणारे मंडळीत भेटतात, आणि त्या बिचाऱ्याच्या एका ओझ्याची दोन होतात. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशू स्वतः अतिशय व्याकूळ झाला होता, हे त्यांना आठवत नाही काय? एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला बोधवचन ऐकवले नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खायला घातले. ज्याला डॉक्टरांची, औषधाची किंवा समुपदेशकाची गरज आहे त्याने ती मदत अवश्य घ्यावी. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलानेही त्या काळचा उपाय सुचवला होता.

लेखकाचे वाक्य ज्यांना लागू पडते अशी माणसे नाहीत, असे मी म्हणणार नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणारे जॉर्ज म्यूलर हे आमच्यात भरवशाचे उदाहरण म्हणून सांगितले जातात. माणसांपुढे हात न पसरता त्यांनी हजारो मुलांना सांभाळले, आणि आलेल्या पैशांचा हिशेब नियमाने छापून प्रसिद्ध केला. अडचणीकडे पाठ फिरवणारा माणूस जमाखर्च लिहीत नाही.

आमच्या घरी अहवाल आला तो मनासारखा नव्हता. उपचार सात महिने चालले, आणि त्या काळात भीती अनेकदा परत आली. परवा पुढील तपासणीची तारीख मिळाली. ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवली आहे. जुनी पानेही मी अजून टाकलेली नाहीत, कारण त्यांच्या पाठीमागची बाजू लागेल.

आपली विश्वासू,
एक ख्रिस्ती वाचक