फोन करणाऱ्यालाही विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागातून रोज संध्याकाळी मालाच्या गाड्या वाशी मार्केटकडे निघतात. दुपारपर्यंत तोडलेला, पेट्यांत भरलेला माल पहाटेच्या आत खाली झाला पाहिजे, नाहीतर दर पडतो. त्यातली एक आयशर माझे यजमान चालवतात. मी स्वतः सांगलीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंगचं काम करते. आमच्याकडे मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे जास्त असतात. घरात आणि ऑफिसात जे बघते त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

गाडी चालवताना हातात मोबाईल धरणं गुन्हा आहे हे आता कुणाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक पद्धतीनं गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात, ते स्पष्ट घातलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये जागेवर भरायची रक्कम ठरली ती अशी : दुचाकी १,०००, चारचाकी २,०००, इतर गाड्या ४,००० रुपये, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलं तर १०,०००. शिवाय अशा चालकाचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्येच सगळ्या राज्यांना सांगून ठेवलं आहे. तेव्हा कायदा नाही किंवा सौम्य आहे असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळी कारवाई ड्रायव्हरच्या हातापाशी येऊन थांबते. त्याला फोन कुणी केला होता, हे कुणीच विचारत नाही.

आमच्या घरातलंच सांगते. गाडी पेठ नाक्यावर हायवेला लागली की फोन सुरू होतात. बागायतदाराला काळजी असते, माल हलला का, पेट्या नीट बांधल्यात का. गाडीमालक विचारतो, डिझेल कितीचं टाकलं. वाशीचा दलाल विचारतो, खंबाटकी ओलांडली का, किती वाजता टेकणार. प्रत्येकाला वाटतं आपण एकदाच तर विचारलं. पण केबिनमध्ये बसलेला माणूस एकटा असतो आणि विचारणारे चार. उचलला नाही तर लगेच दुसरा फोन, तिसरा फोन, आणि मग मालकाकडे तक्रार जाते की तुमचा ड्रायव्हर फोन उचलत नाही. खेपेवर पोट असलेल्या माणसाला हे परवडत नाही. पुढचं भाडं दुसऱ्याला जातं. लायसन्स तीन महिने गेलं तर चूल त्याच्या घरातली विझते, मालकाला दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर मिळतो.

ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढं जाते. फोन उचलून, नाव बघून, बटण दाबायला पाच सेकंद धरले तर ऐंशी मीटरहून जास्त अंतर ड्रायव्हरनं न बघता तोडलं. भरलेल्या गाडीचा ब्रेक लागायला लागतं ते अंतर वेगळंच.

माझ्या यजमानांनी मालकाशी बोलून एक रीत लावून घेतली आहे. गाडी सुरू असताना फोन डॅशबोर्डच्या खणात. तासवडे टोलनाक्याच्या पुढं आणि नंतर खेड शिवापूरला गाडी बाजूला घेऊन ते स्वतः सगळ्यांना फोन लावतात. मधे कुणी लावायचा नाही. मीही लावत नाही. मुलगी तापानं फणफणली होती त्या रात्रीसुद्धा मी तासवड्याची वेळ होईपर्यंत थांबले. त्यांचा मालक समजूतदार निघाला म्हणून हे जमलं. सगळेच तसे नसतात, आणि ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यासाठीच तर कायदा लागतो.

आता ऑफिसातलं. अपघाताची फिर्याद मी इतक्या वेळा टाईप केली आहे की पुढचे शब्द न बघता बोटांखाली येतात : ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून’. गाडी कुठलीही असो, कारण काही असो, वाक्य हेच. जत भागातले एक वयस्कर गृहस्थ मुलाच्या अपघाताची कागदं घेऊन आले होते. रेशनकार्ड, लाईटबिलं ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फिर्यादीची नक्कल चार घड्या घालून ठेवलेली. चष्मा घरी राहिला म्हणाले, तूच वाच. मी शेवटपर्यंत वाचली. त्यांनी विचारलं, “यात फोनचं कुठं हाय?” पिकअपच्या ड्रायव्हरच्या कानाला फोन होता हे वळणावरच्या हॉटेलवाल्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा जबाबच झाला नव्हता.

साहेबांनी भरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात अर्ज देऊन त्या मोबाईलचं कॉल रेकॉर्ड, म्हणजे कुणाचा फोन किती वाजता आला-गेला याची नोंद, मागवलं. अपघाताच्या वेळी फोन चालू होता. आलेला कॉल होता, आणि नंबर गाडीमालकाचा. दावा चालू आहे म्हणून जास्त लिहीत नाही. पण फौजदारी बाजूनं मालकाला आजवर कुणी बोलावलेलं नाही, आणि भरपाई ठरली तर ती विमा कंपनी देईल.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्या अहवालात मोबाईलचा रकाना स्वतंत्र आहे, तरी दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. वेग हे मोठं कारण आहेच. पण आमच्याकडची ठरावीक वाक्यं वाचल्यावर मला खात्री वाटते की मोबाईलचे कितीतरी मृत्यू त्याच रकान्यात जमा होत असणार. तपासच झाला नाही तर कागदावर दुसरं येणार कुठून?

मोटार वाहन कायद्यात कलम १८८ आहे. कलम १८४ च्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, म्हणजे तो करायला लावेल किंवा मदत करेल, त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा, असं ते सांगतं. हे कलम लावलेला कागद माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. चुकून एक फोन लागला म्हणून कुणाला गुन्हेगार करा असं मी म्हणत नाही. पण गाडी रस्त्यावर आहे हे पक्कं माहीत असून जो मालक पुन्हा पुन्हा फोन लावतो, न उचलल्यास भाडं तोडतो, त्याला निदान चौकशीला तरी बोलवा.

कानात ब्लूटूथ घातलं की झालं, असं मालकलोक म्हणतात. कायदा हातातल्या फोनचं बोलतो, खरं आहे. पण हात मोकळे राहिले तरी लक्ष हिशेबात अडकलेलंच असतं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की असं बोलणं हातात फोन धरण्यापेक्षा फारसं सुरक्षित नाही. सांगली-मिरज रस्त्यावर स्कार्फमध्ये किंवा हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलत जाणाऱ्या मुलामुलींना रोज बघते आणि जीव खालीवर होतो. त्यांनाही कुणीतरी घरूनच फोन केलेला असतो.

जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि पोलीस खात्याला माझी विनंती आहे. जीव गेलेल्या किंवा गंभीर दुखापतीच्या प्रत्येक अपघातात ड्रायव्हरच्या मोबाईलचं अपघाताच्या आसपासच्या अर्ध्या तासाचं कॉल रेकॉर्ड तपासी अंमलदारानं स्वतःहून मागवावं. मोबाईल कंपन्यांना ते किमान दोन वर्षं जपून ठेवावं लागतं, पण सामान्य माणसाला ते मागून मिळत नाही. पोलिसांना ते मागवता येतं. फोन चालू होता असं दिसलं तर समोरच्या माणसाचाही जबाब घ्यावा.

आणि आमच्या भागातल्या द्राक्ष बागायतदारांना, गाडीमालकांना, दलालांना हात जोडून सांगते : हंगाम तोंडावर आहे. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, माल, पेट्या, भाडं लिहिता, तिथंच ड्रायव्हर कुठं थांबून फोन करेल ती दोन ठिकाणंही लिहा, आणि त्याच्या मधे त्याला फोन लावू नका.

आपली एक वाचक,
विजयनगर, सांगली