घासून परत पाठवलेल्या 'नया पैसा' नाण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, नाणी लिलाव विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात मी माझे १९६१ चे एक नया पैशाचे नाणे तुमच्या लिलावासाठी म्हापशाहून पोस्टाने पाठवले. काल ते परत आले. पाठवताना ते जुन्या ब्राँझचे, गडद तपकिरी होते. आता ते दिवाळीत घासलेल्या समईसारखे लखलखते आहे आणि भिंगाखाली एकाच दिशेने ओढलेल्या बारीक रेघा दिसतात. नाणे साफ केले की किंमत उतरते, हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलेले आहे. मग माझे नाणे कोणी घासले? माझी परवानगी कोणी घेतली?

सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे, 'टांकसाळीतला दोष नाही, नंतर दाबून बिघडवलेले, लिलावास अपात्र.' हे मला अजिबात मान्य नाही. हे ब्रॉकेज आहे. आधीचे नाणे डायला, म्हणजे छाप उठवणाऱ्या ठशाला, चिकटून राहिले आणि त्याचाच छाप पुढच्या कोऱ्या चकतीवर बसला. म्हणून एका बाजूला एकचा आकडा आणि 'नया पैसा' ही अक्षरे उठून दिसतात, तर दुसऱ्या बाजूला तेच सगळे उलटे, आरशातल्यासारखे, आत रुतलेले आहे. सिंहमुद्रा कुठेच नाही. दोन नाणी शिकंज्यात दाबून असा उलटा ठसा काढणारे लोक आहेत, मला माहीत आहे. पण तसे केले की पलीकडची बाजू चेपते आणि मूळ सिंहांची काही ना काही खूण मागे राहते. माझ्या नाण्याची उठावाची बाजू काठापर्यंत स्वच्छ उमटलेली आहे. तुमच्या तपासनीसाने नाणे उलटून तरी पाहिले का?

गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज चलनातले एस्कुदो गेले, भारतीय नाणी आली, तेव्हा दुकानाच्या गल्ल्यात बाबांना हे सापडले. तपकिरीच्या डबीत कापसावर ठेवले होते. घरातली तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली जायची, पण या नाण्याला बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. साठ वर्षे जपलेला तो रंग तुमच्याकडे गेला.

पोस्टात टाकण्याच्या दिवशी काढलेले दोन्ही बाजूंचे फोटो माझ्याकडे आहेत. 'ब्रॉकेज, सुरुवातीची बोली २,५०० रुपये' हा तुमचा मेलही आहे. फोटोत ब्रॉकेज असलेले नाणे हातात आल्यावर बिघडवलेले कसे ठरले, याचे उत्तर दुसऱ्या जाणकाराकडून तपासून लेखी द्या. नाणे तुमच्याकडे पोहोचले तेव्हाचे फोटो पाठवा आणि २,५०० रुपये भरपाई द्या. पंधरा दिवसांत हे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवणार आहे.

नाणे पुन्हा बाबांच्या डबीत ठेवले आहे. तपासायचे असेल तर तुमचा माणूस म्हापशाला पाठवा. पोस्टाने मी ते आता पाठवणार नाही.

आपला,
एक ग्राहक
म्हापसा, गोवा