मीठ सक्तीचे, माहिती मात्र ऐच्छिक

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या पंधरवड्यात माझ्या यजमानांना रक्तातील पोटॅशियम वाढल्यामुळे अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, म्हणून हे पत्र. त्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, त्यामुळे जादा पोटॅशियम शरीराबाहेर टाकले जात नाही. आम्ही पालक आणि नारळपाणी बंद केले, बटाटे पाण्यात भिजवून, उकळून, ते पाणी टाकून शिजवले. आणि दुकानदाराने ‘हृदयाला चांगले’ म्हणून दिलेल्या कमी सोडियमच्या आयोडीनयुक्त मिठाने त्या सगळ्यावर बोळा फिरवला. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, हे मला रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले. ते तीस टक्के धरले, तर चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम मिठातून पाऊण ग्रॅमहून अधिक पोटॅशियम पोटात जाते. पाकिटावर पुढे लालभडक हृदय होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीची सूचना मागे, इंग्रजीत, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत.

आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे, आणि तिला माझा विरोध नाही. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि गलगंड टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. पण भाईंदरच्या मिठागरातले साधे खडे मीठ आमच्या ताटातून कायद्याने काढून घेतल्यावर, त्याच्या जागी आलेल्या पाकिटात काय आहे हे सांगणे ही आपली मेहेरबानी उरत नाही, कर्तव्य ठरते. साध्या आयोडीनयुक्त मिठाच्या पाकिटावरचा ‘५३६’ हा आकडा म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. दमट हवेत मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते किलोमागे काही मिलिग्रॅम घालतात. लोहाशी घट्ट बांधलेले हे सायनाइड या मात्रेत अपायकारक नाही, पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाला हे सांगणार कोण? आपण आकडा छापता, भीती ते छापतात.

जुलै २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवर साखर, मीठ आणि संपृक्त मेद ठळक अक्षरांत दाखवण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्यांबाबत शिफारशी करायला तज्ज्ञ समितीला तीन महिने दिले. पुढे ती मुदतही वाढवून घेतली गेली. सरकारी तीन महिने कोणत्या पंचांगाने मोजतात, हे एकदा कळवावे. शिवाय ठळक अक्षरांतही आमचे मीठ गुणीच दिसेल, कारण त्यात सोडियम कमीच आहे! जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस करतानाच मूत्रपिंडाच्या रुग्णांना तीतून वगळले होते. ते वाचायला आपल्याकडे कोणाला सवड झाली नसावी. उद्योगाच्या अडचणी ऐकायला मात्र समित्या बसतात आणि ग्राहकाने भिंग विकत घ्यावे, अशी या देशातली वाटणी आहे.

रुग्णालयाचे बिल मी आपल्याला पाठवत नाही. पोटॅशियम क्लोराइड असलेल्या प्रत्येक मिठावर ‘मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये’ हे वाक्य दर्शनी भागावर, मराठीत, त्या हृदयाइतक्याच आकारात छापायला लावा. समितीचा अहवाल येईपर्यंत थांबा, असे उत्तर कृपया पाठवू नका. हे मीठ आजही आमच्या गल्लीतल्या दुकानात पहिल्या फळीवर आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नौपाडा, ठाणे